ज्याचा पगार, त्याची मंडळी

आमची मंडळी तीन वेळा स्थापन झाली आहे. तीन संस्थांनी, तीन वेगवेगळ्या वर्षी, त्याच वस्तीत, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये आणि त्याच माणसांना घेऊन ती स्थापन केली. तिन्ही संस्थांच्या अहवालांत तसं रंगीत फोटोसकट छापून आलं आहे. तिन्ही फोटोंत पुढच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन हात जोडलेली मावशी एकच. पहिल्या फोटोत तिचे केस काळे आहेत, तिसऱ्यात पांढरे. मधल्या काळात तिचा दोनदा नव्याने उद्धार झाला, एवढंच. मी एकदा विचारलं, "मावशी, दर वेळी हात वर का करता?" ती म्हणाली, "पाहुणे इतक्या लांबून येतात सर, त्यांचं मन कशाला मोडायचं?"

मी कागदोपत्री मिशनरी आहे. हा शब्द उच्चारला की एका जातीच्या वाचकाला टोपीवाला गोरा साहेब दिसतो आणि दुसऱ्या जातीच्या वाचकाला पोतंभर नोटा घेऊन वस्त्या बाटवत फिरणारा इसम. दोघांचीही निराशा करतो. मी नगर जिल्ह्यातला, पणजोबांपासून ख्रिस्ती, वाटेत पंक्चर होणाऱ्या मोटारसायकलचा मालक. सोयगावच्या आठवडी बाजारात मला 'येशूवाले सर' म्हणतात. पैसे देऊन धर्मांतर करतात, असा आमच्यावर नेहमीचा आरोप आहे. या आरोपाचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात गृहीत धरलेले पैसे वस्तीपर्यंत कधी पोचलेलेच मी पाहिलेले नाहीत. ते फोटोपर्यंत पोचतात, शेडवरच्या संगमरवरी पाटीपर्यंत पोचतात, पाहुण्यांच्या इनोव्हाच्या डिझेलपर्यंत पोचतात. पुढे रस्ता कच्चा आहे.

सोयगाव तालुका ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आम्ही अजिंठ्याच्या डोंगराच्या खालच्या अंगाला राहतो. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण ओढा खानदेशाचा. लग्नाचा बस्ता, दवाखाना, सोयरीक सगळं पाचोरा, शेंदुर्णी, जामनेर, जळगावकडे. घाट चढून जिल्ह्याला जायचं ते कोर्टासाठी नाहीतर कलेक्टर कचेरीसाठी. शेती कापसाची आणि मक्याची. आमच्या मंडळीत बहुतेक मातंग समाजाची माणसं. जमीन दोघातिघांकडे, तीही माळरान. बाकीचे दुसऱ्याच्या शेतात किलोवर कापूस वेचतात आणि दिवाळी झाली की काही बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात. म्हणजे आमच्या उपासनेतली हजेरी साखर कारखान्याच्या पट्ट्यावर ठरते. हे अहवालात कसं लिहायचं ते मला अजून जमलेलं नाही. 'हंगामी घट' लिहिलं तर वरून फोन येतो, की बंधू, विश्वासात घट कशी काय हंगामी असते?

अशा मंडळ्यांना मदत कशी करावी यावर शिबिरं भरतात. मलाही बोलावतात. जेवण चांगलं असतं. कशी करावी, किती करावी, कोणत्या खात्यातून करावी यावर तीन दिवस चर्चा चालते. एक प्रश्न मात्र तिथे कुणी काढत नाही: मदत करणाऱ्याला नको म्हणायची सोय त्या मंडळीला आहे का? माझा पगार बाहेरून येतो. म्हणून मी कधी यायचं, कधी बदलून जायचं, काय शिकवायचं, नाताळचा कार्यक्रम 25 डिसेंबरला घ्यायचा की पाहुण्यांच्या सोयीने 18 ला, हे सगळं बाहेर ठरतं. मंडळीने मला निवडलेलं नाही आणि तिला मला काढताही येत नाही. मी उपदेशात झोप आणली तरी ती झोपूनच सहन करते. अशा जमावाला आम्ही मंडळी म्हणतो. ती मंडळी नव्हे, शाखा आहे.

ऊसतोडीतली उचल आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळते. मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर कोयता त्याचा. ताप आला तरी फडात उतरावं लागतं, कारखानाही तोच ठरवतो. पगारी पाळकाची गत वेगळी नाही. फक्त आमचा मुकादम प्रार्थना करून फोन ठेवतो. मला सहा महिन्यांत अमुक बाप्तिस्मे हवेत असं सांगणारा माणूस आणि इतके टन ऊस हवा असं सांगणारा माणूस यांत मी तरी फरक करू शकत नाही. दोघांनाही आकडाच लागतो.

आकड्याचा फॉर्म माझ्यासमोर आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांचा फॉर्म सारखाच असतो. नवीन आत्मे, बाप्तिस्मे, गृहमंडळ्या, प्रशिक्षित पुढारी, वाटलेली पुस्तकं. प्रशिक्षित पुढारी म्हणजे शिबिराला येऊन बॅग, वही आणि पेन घेऊन गेलेला माणूस. मोतीबिंदूला रकाना नाही. रेशनकार्डात नाव चढलं का, याला नाही. माणूस मेला तर पुरायचं कुठे, याला तर नाहीच. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात एक म्हातारे गेले. गावच्या स्मशानभूमीत जाळा म्हणे, नाहीतर तुमच्या मिशनला विचारा. मिशनला विचारलं. मिशनने शोकसंदेश पाठवला, इंग्रजीत. शेवटी एका सभासदाने आपल्या माळरानाच्या बांधाला जागा दिली. त्या बांधाची किंमत कोणत्या रकान्यात भरू?

आता अजिंठा. इथल्या माणसाने दानधर्मावर बोलावं आणि लेण्यांचं नाव काढू नये, हे शक्य नाही. (अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात असलं तरी लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात आहेत. हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि कुणी लक्षात ठेवत नाही.) मी पाहुण्यांना लेणी दाखवायला नेतो. तो माझ्या सेवेचा अलिखित भाग आहे. ते पद्मपाणीच्या चित्रासमोर उभे राहतात, मी मात्र आजकाल शिलालेखांसमोर रेंगाळतो. सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिलेलं. सतरावं स्थानिक राजा उपेंद्रगुप्त याच्या काळातलं, त्याच्याच दानातून झालेलं. मोठे दाते, मोठं काम, देखणं काम. आणि मग हरिषेण गेला, राज्य कोलमडलं आणि छिन्नी थांबली. चोविसावं लेणं जाऊन पाहा: खांब निम्मे निघालेत, निम्मे अजून डोंगरातच आहेत. कारागीर होते, भिक्षू होते, दगड तर होताच. फक्त दाता उरला नव्हता. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने उभं आयुष्य या लेण्यांवर घातलं आणि पाचव्या शतकातल्या त्या झपाट्याचा आणि त्या खंडाचा हिशेब मांडला. त्याच्या काही तारखा इतर अभ्यासकांना मान्य नाहीत, पण अर्धवट खांब कुणाला नाकारता येत नाहीत.

त्याच ओळीत दहावं लेणं आहे, त्याहून काही शतकं जुनं. तिथला लेख सांगतो, दर्शनी भाग वासिठीपुत कटहादीने दिला. दुसरा एक लेख सांगतो, भिंत कण्हकाने दिली. एकाने तोंड दिलं, एकाने भिंत दिली. एवढ्या प्रचंड चैत्यगृहाला एक धनी नाही. ते पूर्ण झालं. मी हे पाहुण्यांना सांगितलं, तेव्हा त्यातल्या एका सद्गृहस्थांनी विचारलं, "मग त्या काळात प्रत्येकाची वेगळी पाटी लावत होते का?" त्यांना आपल्या पाटीची काळजी होती. तिचा एक कोपरा निखळला होता आणि मी तो अजून बसवलेला नव्हता.

हा रोग आमच्या पिढीचा नाही. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि 1831 मध्ये नगरला आले. त्यांच्या बोस्टनच्या मंडळाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये स्वतः पाहणीला आले आणि फर्मावून गेले, की खेड्यांतल्या मंडळ्या लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभ्या करा, देशी पाळक नेमा, त्याचा पगार गावाला झेपेल इतकाच ठेवा. स्वावलंबी, स्वशासित, स्वप्रसारक असं त्यांचं त्रिसूत्र आजही प्रत्येक शिबिरात फळ्यावर येतं. कागदावर निर्दोष. पण स्वावलंबनाची सुरुवात कुणाच्या ताटापासून झाली? देशी पाळकाच्या. साहेबांचा पगार बोस्टनहूनच येत राहिला. पैशाची थैली आणि शासनाची काठी एकाच हातात राहिली आणि उपदेश मात्र दुसऱ्याला झाला, की बाबा, आता तू आपल्या पायावर उभा राहा. म्हणून मला फुकट वाटणाऱ्यांचा जितका राग आहे, तितकाच स्वावलंबनाची प्रवचनं देणाऱ्यांचा आहे. वातानुकूलित गाडीतून उतरून कापूस वेचणाऱ्या बाईला 'देण्यात आशीर्वाद आहे' म्हणणारा माणूस मला दात्याहून धोक्याचा वाटतो. दाता निदान बिस्किटं तरी आणतो.

या पगारी व्यवस्थेला सणसणीत चपराक मारली ती एका मराठी माणसाने. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला अमेरिकन मराठी मिशनात वर्षानुवर्षं सेवा केली आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून दिली. साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांनाही जागा आणि न झालेल्यांनाही. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले आणि दरबार पुढे फार चालला नाही. मिशनवाले ही गोष्ट 'टिळक भावनाप्रधान होते, कवी होते' अशी गुंडाळतात. त्यांच्या घरात पैसा कसा टिकत नसे हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त लिहून ठेवलंच आहे, त्यामुळे व्यवहारी माणसांना हसायला आयतं निमित्त. हसा. पण संपन्न मिशनच्या पगारावरून उठून, पन्नाशी उलटल्यावर, पुढचं काही ठरलेलं नसताना बाहेर पडलेला हा माणूस आम्हा पगारी लोकांच्या घरात तसबिरीत आहे आणि आम्ही त्याची भजनं त्याच मिशनच्या पैशाने घेतलेल्या माइकवर म्हणतो.

आमच्या मराठवाड्यातही एक वेगळा माणूस होऊन गेला. नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातले, 1843 मध्ये ख्रिस्ती झालेले. जालन्याजवळ त्यांनी 'बेथेल' गाव वसवलं, ते निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून. आज लोक त्यांच्या देवळाबद्दल बोलतात. मला त्यांच्या जमिनीबद्दल बोलावंसं वाटतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला काय कमी आहे हे त्यांना कळलं होतं: त्याला उभं राहायला जागाच नव्हती. तेही परदेशात फिरले, मदत मागितली, दात्यांपुढे भाषणं केली, म्हणजे आमच्याच धंद्यातले. पण त्यांनी आधी सरकारच्या दारात जाऊन जमीन मागितली. आमच्यातला एकतरी माणूस दफनभूमीसाठी तहसीलदाराच्या दारात बसलेला दाखवा.

आणि आता मला जो मुद्दा सर्वांत टोचतो, तो. आमच्या वस्तीतली एक मुलगी नर्सिंगला लागली. जातीचा दाखला होता, तो पडताळणी समितीकडे गेला. समितीचं दक्षता पथक घरी चौकशीला येणार असा निरोप आला. घरात भिंतीवर एका संस्थेचं कॅलेंडर होतं आणि मार्च महिन्याच्या पानावर ही मुलगी, तिची आई आणि आजी होत्या. वर मोठ्या अक्षरांत 'ख्रिस्तात नवजीवन मिळालेलं कुटुंब'. आजीने ते कॅलेंडर काढलं, गोधडीत गुंडाळलं आणि गोधडी पेटीत घातली. मग मला फोन केला, "सर, तुमच्या वहीतपण आमचं नाव आहे ना? ती वही कुठं ठेवता?"

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण कॅलेंडर छापणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे, पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर, हिंदूखेरीज कुणी अनुसूचित जातीचा असू शकत नव्हता. 1956 मध्ये बाकीचे शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. मद्रासला रस्त्याच्या कडेला चपला शिवणारा सूसै नावाचा चांभार होता. सरकारने अनुसूचित जातीच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, याला ख्रिस्ती म्हणून नाकारली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1985 मध्ये हरला: धर्म बदलल्यावरही तितकेच हाल आहेत याचा पुरेसा पुरावा नाही म्हणे. जोडे तोच शिवत होता, रस्ता तोच होता. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. अहवाल धूळ खात पडला. 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढ मिळत गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात पुन्हा बजावलं, की मनाने ख्रिस्ती आणि सवलतीपुरतं हिंदू हे चालणार नाही.

यावर शहरातले आमचे धर्मबंधू मान हलवून म्हणतात, "खरं आहे, या लोकांनी प्रामाणिक राहायला हवं." यांचे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, वडील मिशनच्या दवाखान्यात नोकरीला लागले, मिशनच्या आवारात दोन पिढ्या घर मिळालं. यांना दाखला लागला नाही. प्रामाणिकपणा परवडायला आधी कुणीतरी फी भरलेली असावी लागते. सोयगावच्या मुलीची फी कोण भरणार? कॅलेंडरवाले? मी विचारलं. त्यांच्याकडे 'त्यासाठी हेड नाही.' फोटोसाठी हेड आहे. म्हणजे ज्या कुटुंबाला मदत केल्याचा दाखला तुम्ही जगभर फिरवता, त्याच कुटुंबाच्या पोरीचा दाखला तुमच्या फोटोपायी जाऊ शकतो, आणि याला आपण साक्ष म्हणतो. खरोखर मदत करायची तर ब्लँकेट वाटणं थांबवा आणि तोच पैसा वकिलावर, फीवर, वसतिगृहावर घाला. 1950 च्या त्या आदेशाविरुद्ध उघड रस्त्यावर या. बिशप या, सुपरिंटेंडेंट या, पाळक या, आणि येताना स्वतःची गाडी सोडून या. पण तिथे टाळ्या कमी आणि पोलिसांच्या नोटिसा जास्त, म्हणून ब्लँकेटच बरं.

परदेशी पैशाचं तर सरकारनेच ठरवून टाकलं. परदेशी देणगी कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर ती देणगी एका संस्थेने दुसरीला द्यायची सोय राहिली नाही, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेतच, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून 20 टक्क्यांवर आली. त्याआधी 2017 मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल या परदेशी ख्रिस्ती मदतसंस्थेने भारतातला गाशा गुंडाळला होता. 2024 मध्ये वर्ल्ड व्हिजन या तशाच संस्थेची परदेशी देणगीसाठीची नोंदणी रद्द झाली. हेतू काय होता ते सांगायला मी ज्योतिषी नाही, पण डोळे आहेत. तालुक्यात काय झालं ते पाहिलं. पगार थांबले तसे पगारी सेवक थांबले. कुणी पाचोऱ्याला मोबाइलच्या दुकानात लागला, कुणी विम्याचा एजंट झाला. (हा दुसरा उत्तम चालला आहे, मरणोत्तर लाभ समजावून सांगायची सवय कामी आली.) जिथे सेवक दिवसा स्वतःच्या बैलामागे होता आणि संध्याकाळी प्रार्थना चालवत होता, तिथे काहीच बदललं नाही. त्याला कायदा बदलल्याचंसुद्धा कळलं नव्हतं. प्रेषित पौल पोटासाठी तंबू शिवत असे, हे आम्ही दर वर्षी शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, त्याचं तिकीट काढून शिबिर घेतो.

गरिबाला देणं परवडत नाही, ही सगळ्या मदतीच्या मुळाशी बसलेली थाप आहे. आमच्या वस्तीत 1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंती होते. बॅनर, मिरवणूक, डीजे, दुसऱ्या दिवशी जेवण. सगळी वर्गणी वस्तीची. गावात अखंड हरिनाम सप्ताह होतो. कीर्तनकाराचं मानधन, मंडप, शेवटच्या दिवशीचा महाप्रसाद गावच उभा करतं. पलीकडच्या वस्तीतला बुद्धविहार विटेविटेने बांधलेला आहे; बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपूरला उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्या म्हणून सांगितलं होतं, आणि तिथे कुणी कोरियाहून पाटी लावायला आलेलं नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहातली पोरं जगवली. मिझोरममध्ये बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ त्यांची मंडळी पाळक पोसते, प्रचारक पाठवते. त्यांचे प्रचारक महाराष्ट्रात आले तर आम्ही त्यांच्याकडूनही ब्लँकेटं मागू. कोरियातल्या मंडळ्यासुद्धा स्वतःच्या तांदळावर मोठ्या झाल्या. आता तिथले पाहुणे आम्हाला तयार प्रार्थनागृह देऊ करतात. आपल्याला ज्या काठीने चालता आलं, ती काठी तेवढी सोडून बाकी सगळं द्यायला ते राजी असतात.

वस्ती देते. पण जे आपलं आहे त्याला देते. हे मला सुगीच्या सणाला दिसतं. त्या दिवशी वेदीपुढे मका, बाजरी, भोपळा, गवारीची जुडी, अंडी, दोरीने पाय बांधलेली गावरान कोंबडी असं सगळं येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. मागच्या खेपेला ती पांढऱ्या केसांची मावशी एक भोपळा घेऊन आली. शंभरावर सुरुवात झाली. एका ऊसतोड करणाऱ्या पोराने दोनशेला घेतला आणि तिथेच परत दिला, "पुन्हा बोला." दुसऱ्याने दीडशेला घेतला आणि परत दिला. भोपळा चार हात फिरला. कोंबडी तर सुटली आणि शेडच्या पत्र्यावर जाऊन बसली, तिचा लिलाव ती वर असतानाच पूर्ण झाला आणि भाव वाढला. त्या दिवशी जमलेले पैसे मोजायला तिघे बसले, वहीत लिहिलं, तिघांनी सह्या केल्या, मावशीने अंगठा दिला. मी हात लावायला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला. "तुम्ही नका सर. तुमचा हिशेब तुमच्या साहेबाकडं, हा आमचा."

पाहुणे आले की हीच माणसं पेटीत दहाची नोट टाकताना मागे-पुढे पाहतात. नसल्यामुळे नाही. पेटीवर संस्थेचं नाव आहे म्हणून.

गेल्या महिन्यात मी संस्थेला कळवलं, की पुढच्या वर्षीपासून माझा पगार मंडळीसाठी म्हणून पाठवू नका. पाठवायचंच असेल तर फी आणि वकील यांसाठी पाठवा, आणि फोटो मागू नका. उत्तर आलं, तुमच्या तब्येतीसाठी प्रार्थना करत आहोत.

मग मंडळीपुढे विषय ठेवला. सभा दोन तास चालली. मी बाहेर बसावं असं ठरलं, तेव्हा मी बाहेर बसलो. आत काय झालं ते मला एका पोराने नंतर सांगितलं. एकजण म्हणाला, सर गेले तरी चालेल, आपण चालवू. दुसरा म्हणाला, सर माणूस बरा आहे, पण महाग आहे. तिसऱ्याने विचारलं, सरांना दुसरं काय येतं? याचं उत्तर कुणाला देता आलं नाही. शेवटी निरोप आला: राहायला खोली, वर्षाला बाजरी-मका मिळून पाच पोती, सणाच्या लिलावातला तिसरा हिस्सा. बाकी दिवस सरांनी पोरांच्या शिकवण्या घ्याव्यात आणि त्याचे पैसे ज्याचे त्याच्याकडून घ्यावेत. दफनभूमीच्या अर्जासाठी तहसीलला जायचं ते सरांनी, एसटीचं भाडं मंडळी देईल, पण तिकीट दाखवावं लागेल. आणि मावशीची एक अट होती, ती सर्वानुमते मंजूर झाली: उपदेश वीस मिनिटांच्या वर जाता कामा नये, कापसाच्या दिवसांत पंधरा.

मी पंचवीस मागितली आहेत. अजून उत्तर आलेलं नाही.